घराच्या भिंतींना गिलावा कोणता करायचा? पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी

“वयनी, फिनिश कुठलं घेणार? सँड-फेस, स्पंज का प्लेन?” आमच्या गवंड्याने पहिल्याच दिवशी विचारलं आणि मी त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीचं, कुठल्याशा कोरड्या मुलखातलं सुंदर घर होतं ते. आमचं घर कोकणात, लांजा तालुक्यात. गवंड्याने फोटो बघितला, मान हलवली आणि म्हणाला, “होईल की.” तो नाही म्हणाला नाही, हीच माझी पहिली चूक. गवंडी सहसा नाही म्हणत नाहीत. आपण मागू ते लावून देतात, आणि पावसाळ्यात ते आपल्या घरी राहायला नसतात.

आमच्या घराचे दोन भाग आहेत. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं मूळ घर जांभ्या दगडाचं, म्हणजे चिऱ्याचं, चुन्यात बांधलेलं. त्याला चिकटून आम्ही तीन खोल्या वाढवल्या, त्या हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या. दोन्हींना एकाच प्रकारचं प्लॅस्टर करून टाकायचं ठरलं होतं. त्यातलं काय टिकलं, काय पडलं आणि काय पाडून पुन्हा करावं लागलं, त्यावरून हा लेख लिहिते आहे. कोकणाबाहेर बांधत असाल तरी पायऱ्या याच राहतील, उत्तरं मात्र बदलतील.

## १. आधी भिंत कशाची आहे ते बघा

गिलावा निवडताना सगळे पृष्ठभागाकडे बघतात. खरं तर सुरुवात गिलाव्याच्या मागून करायची. मागची भिंत किती पाणी पिते, किती हलते आणि ओल कुठून बाहेर टाकते, यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

भाजलेल्या विटांची भिंत सगळ्यात सोपी. ती पाणी पिते, पण भिजवून घेतली की सिमेंटचं प्लॅस्टर तिला छान धरतं. काँक्रीटचे कॉलम, बीम आणि स्लॅबचा तळ यांचा प्रश्न उलटा आहे. ते इतके गुळगुळीत असतात की त्यावर काही धरत नाही. एएसी ब्लॉक हलका आणि सच्छिद्र असतो. त्यावर सिमेंट जास्त घातलेलं कडक प्लॅस्टर मारलं तर प्लॅस्टर ब्लॉकपेक्षा बळकट होतं, आकसताना ब्लॉकला ओढतं आणि जाळीसारख्या भेगा पडतात. “सिमेंट वाढवू, मजबूत होईल” हे वाक्य या भिंतीपुढे साफ खोटं ठरतं. इथे १:६ प्रमाण (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि पातळ थर बरा, किंवा ब्लॉकसाठीच मिळतं ते रेडी-मिक्स प्लॅस्टर.

आता चिरा, माती आणि चुन्याच्या जुन्या भिंती. यांच्यावर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

जुन्या भिंतीला खाली आजच्यासारखा ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि भिंतीच्या अंगातून हवेत निघून जाते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा तिला जाऊ देतो. सिमेंटचं प्लॅस्टर जाऊ देत नाही. मग ओल आत कोंडते, आणखी वर चढते, येताना क्षार आणते. ते क्षार प्लॅस्टरच्या मागे साठून फुगतात आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. आमच्या माजघराला सासऱ्यांनी हौसेने सिमेंट प्लॅस्टर करून घेतलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी खालची तीन फूट भिंत फुगायची, ते खरवडून पुन्हा सिमेंटच लावायचे. सासूबाई म्हणायच्या, “भिंतीला ताप आलाय आणि तुम्ही वर गोधड्या घालताय.” त्यांचं निदान बरोबर होतं.

म्हणून नियम असा धरा: गिलावा मागच्या भिंतीपेक्षा जास्त कडक नको. मऊ भिंतीला मऊ गिलावा.

आणि हो, चांगला घडवलेला चिरा असेल तर बाहेरून गिलाव्याची गरजच नसते. जांभा हवेवर उघडा राहून कठीण होत जातो. सांधे चुन्याने नीट भरून घेतले आणि छपराची वळचण पुढे काढली की पुरतं. हा पर्याय तुम्हाला कुणी सुचवणार नाही, कारण त्यात कुणाचीच मजुरी निघत नाही.

## २. पाऊस कुठून मारतो ते बघा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापुराकडे त्याचा पाचवा हिस्साही जेमतेम. त्यामुळे सोलापूरच्या आतेभावाने सांगितलेला गिलावा लांज्यात चालेलच असं नाही. पण एकाच घरातसुद्धा चारही भिंती सारख्या भिजत नाहीत. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. पूर्वी लोक त्या बाजूला पावसाळ्याआधी माडाची झापं बांधत, ती उगाच नव्हे.

एका कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक भिंतीपुढे चार गोष्टी लिहा: कशाची आहे, पाऊस मारतो का, ऊन किती वेळ, छज्जा किंवा पडवी आहे का. पावसाळा पाहिलेलं घर असेल तर शेवाळ कुठे धरतं तेही लिहा. हा कागद पुढे दर ठरवताना, माल मागवताना, भांडताना, सगळीकडे उपयोगी पडतो. मी तो फार उशिरा केला.

## ३. आता फिनिश निवडा

बाजारात नावं पुष्कळ ऐकू येतील. कामाचे प्रकार मोजकेच आहेत.

सँड-फेस. बाहेरच्या भिंतींसाठी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आलेला प्रकार. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, तो खडबडीत ठेवायचा. त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर, आणि तो ओला असतानाच स्पंजने फिरवून वाळूचे दाणे वर काढायचे. दोन थर असल्यामुळे एका थरातली बारीक भेग दुसऱ्यात सरळ उतरत नाही. दाणेदार पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा दिसतही नाहीत. तोटा एकच, दाण्यांत धूळ आणि शेवाळ धरतं. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला शेवटी हेच केलं आणि वर शेवाळ रोखणारा बाहेरचा रंग दिला.

प्लेन किंवा स्पंज फिनिश, एकाच थरात. पडवीतल्या, छज्जाखालच्या, पाऊस न लागणाऱ्या भिंतींना पुरेसं. उघड्या भिंतीला एका थरात उरकू देऊ नका. माझ्या फोटोतलं घर बहुधा याच प्रकारचं होतं.

रफकास्ट. बारीक खडी मिसळलेला माल भिंतीवर फेकून मारतात. दिसायला राकट, पण कुंपणाच्या आणि मागच्या भिंतींना उत्तम. लहान मुलं असतील तर हात पोचेल तिथे नको, कोपरं सोलून निघतात.

नीरू. आतल्या भिंतीवर सिमेंट प्लॅस्टर ओलसर असतानाच चुन्याचा मुलायम लेप घोटून करतात. जुन्या सरकारी इमारतींतल्या थंडगार गुळगुळीत भिंती आठवा, त्या बहुतेक नीरूच्या. आता पुट्टीमुळे मागे पडलं आणि हात बसलेले कारागीर कमी राहिलेत. मिळाला तर सोडू नका.

पुट्टी. हा गिलावा नव्हे, गिलाव्यावरचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा लेप. वाकडी भिंत पुट्टीने सरळ करू म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. जाड पुट्टी सुटते.

जिप्सम. फक्त आत, फक्त कोरड्या भिंतीला. त्याला पाणी मारावं लागत नाही आणि काम झटपट होतं. विटेवर किंवा ब्लॉकवर थेट लावतात, खाली सिमेंट प्लॅस्टर लागत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये छान. न्हाणीघर, स्वयंपाकघरातली सिंकची भिंत आणि पाऊस मारतो त्या भिंतीची आतली बाजू, इथे नको. ओल लागली की जिप्सम मऊ पडतं. वर्षाचे आठ महिने कोकणातलं घर बंद ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी तर माझ्या मते त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

चुना. जुन्या भिंतींना. याची पायरी वेगळी लिहिली आहे, खाली बघा.

माती. शेणामातीचं सारवण आणि लिंपण अजून अनेक घरांत आहे. आतल्या किंवा पडवीतल्या भिंतींना ते मस्तच, मात्र दरवर्षी हात फिरवायची तयारी हवी. भुसा किंवा गवताचे तंतू घातलेला मातीचा गिलावा कच्चा समजू नका. अजिंठ्याची चित्रं अशाच गिलाव्यावर काढलेली आहेत. अर्थात तिथे पाऊस लागत नाही!

टेक्स्चर रंगाबद्दल विचारणा खूप होते. तो गिलावा नव्हे, रंगाचं काम. खालचं प्लॅस्टर वाईट असेल तर टेक्स्चर फक्त ते दोन वर्षं लपवतं.

## ४. वाळू, सिमेंट आणि हिशोब

भेगांचं खापर सिमेंटवर फुटतं, पण दोष पुष्कळदा वाळूचा असतो. नदीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू आली. त्यात प्लॅस्टरची वेगळी मिळते, तीच मागवा. बांधकामाची वाळू चाळून देतो म्हणतात, त्यात बारीक पूड जास्त असेल तर प्लॅस्टर आकसून फाटतं. खाडीची वाळू घेऊ नका. तिच्यातलं मीठ कायम हवेतली ओल ओढत राहतं.

घरच्या घरी चाचणी: काचेची उभी बरणी घ्या, अर्धी वाळू भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूवर गाळाचा थर बसेल. वाळू १०० मिलिमीटर असेल तर गाळ ८ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पहिल्या गाडीची वाळू या बरणीत नापास झाली तेव्हा ड्रायव्हर माझ्याकडे असा बघत होता जणू मी लोणचं घालते आहे.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं येतं ते) घ्या. पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि आपल्याकडेही ते फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचा.

प्रमाण साधारण असं: बाहेर १:४, आत विटांच्या भिंतीला १:५ किंवा १:६, स्लॅबच्या तळाला १:३ किंवा १:४ पण फक्त ६ मिलिमीटर. विटांच्या भिंतीची एक बाजू सपाट असते, तिथे १२ मिलिमीटरमध्ये काम होतं. खडबडीत बाजूला १५ लागतात. एका थरात १५ च्या वर जाऊ नका. भिंत वाकडी असेल तर खड्डे आदल्या दिवशी वेगळे भरून घ्या.

मालाचा अंदाज: १०० चौरस फुटाला १५ मिलिमीटर जाडीने, १:४ प्रमाणात साधारण सव्वा पोतं सिमेंट आणि सहा-साडेसहा घनफूट वाळू लागते. १:६ ला पोत्याला थोडं कमीच. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा एका ब्रासमध्ये पंधराशे चौरस फुटांच्या आसपास एक थर निघावा. याच्या दीडपट वाळू लागत असेल तर एक तर भिंती वाकड्या आहेत, नाही तर माल जमिनीवर पडतो आहे.

आणि घमेल्याने मोजू देऊ नका. एक घमेलं शीग लावून, दुसरं सपाट, असं करत १:४ चं १:६ होतं. एका पोत्यातलं सिमेंट ३५ लिटर भरतं. आतून ३५ × २५ × ४० सेंटिमीटरची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. एक पोतं, चार पेट्या. वाद संपला.

## ५. काम देण्याआधी हे हाताशी ठेवा

कागद:
- भिंतवार तक्ता (पायरी २ मधला), त्यात प्रत्येक भिंतीपुढे फिनिश, जाडी आणि प्रमाण लिहिलेलं
- लेखी दरपत्रक: दर चौरस फुटाला की एकरकमी, फक्त मजुरी की मालासकट, परांची कुणाची, पाणी कोण मारणार
- दारं-खिडक्यांची वजावट कशी, हे लिहून. दोन्ही बाजूंना प्लॅस्टर असेल तर सहसा एकाच बाजूची वजावट करतात, कारण आतल्या कडांचं काम मोजत नाहीत. अगदी लहान झरोके वजा होत नाहीत
- सिमेंटची बिलं
- फ्लॅट किंवा सोसायटी असेल तर बाहेरच्या कामाला सोसायटीची लेखी परवानगी. महापालिकेच्या हद्दीत इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी बघा. गंजलेल्या सळ्यांवर नवा गिलावा म्हणजे पैसे पाण्यात

सामान: ओळंबा, सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी, पाण्याची नळी किंवा स्पिरिट लेव्हल, काचेची बरणी, मापाची पेटी, वाळूची चाळण, तारेचा ब्रश, गोणपाट, आणि एक खडू. थापी आणि रंधा गवंड्याचा असतो, पण पट्टी मात्र स्वतःची ठेवा. त्याची पट्टी वाकलेली असेल तर भिंतही त्याच बाकाची होते.

फिनिशचा नमुना आधी पाच बाय पाच फुटांच्या तुकड्यावर मागून घ्या, तोही मागच्या भिंतीवर. पसंत पडला की तो तुकडा तसाच ठेवा. पुढचं काम त्याच्याशी ताडून बघायचं.

## ६. भिंत तयार करणं

विजेचे पाइप, नळाचे पाइप, दारांच्या चौकटी आणि खिडक्यांच्या ग्रीलचे खिळे हे सगळं प्लॅस्टरच्या आधी. झिऱ्या, म्हणजे भिंतीत खाचा मारून पाइप बसवले की त्या झिऱ्या आधी भरून वाळू द्या. आमच्या इलेक्ट्रिशियनला दोन पॉइंट नंतर आठवले. ती ठिगळं रंग देऊनही अजून दिसतात.

बांधकाम संपल्यावर निदान तीन-चार आठवडे भिंत बसू द्या. ब्लॉक आणि बीम यांच्यामधली वरची फट घट्ट भरली आहे का ते शिडीवर चढून बघा. खालून दिसत नाही.

काँक्रीटला हॅकिंग हवं, म्हणजे छिन्नीने जवळजवळ टोचे पाडून पृष्ठभाग खरखरीत करणं. चार टोचे मारून “झालं” म्हणतात. हात फिरवून बघा, कुठेच गुळगुळीत लागता कामा नये. जिथे काँक्रीट आणि विटा किंवा ब्लॉक मिळतात तिथे दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसतात, आणि कॉलमच्या कडेने सरळ उभी भेग पडते. तिथे कोंबडी जाळी किंवा फायबरची जाळी लावायची, सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर येईल अशी, ताणून. पाइपांच्या झिऱ्यांवरही जाळी हवी. सैल जाळी लावली तर तिच्यामागे पोकळी राहते, मग न लावलेली बरी.

विटेची भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी ओलसर असावी, गळत नसावी. एएसी ब्लॉकवर नुसता फवारा. त्याला नळीने न्हाऊ घातलंत तर तो पाणी धरून ठेवतो आणि नंतर वाळताना आकसतो.

## ७. प्लॅस्टरचे दिवस

आत आधी स्लॅबचा तळ, मग भिंती. बाहेर वरून खाली. गवंडी आधी भिंतीवर मालाचे चार-पाच छोटे चौकोन लावून ओळंब्याने लेव्हल घेतो. त्या वेळी तुम्ही तिथे असा, कारण जाडी त्याच क्षणी ठरते.

पाणी घातलेला माल अर्ध्या तासात, फार तर तासाभरात संपला पाहिजे. दुपारच्या जेवणाआधी मोठा घाणा कालवून ठेवायचा आणि परत आल्यावर पाणी शिंपडून जिवंत करायचा, ही पद्धत सर्रास आहे. मेलेला माल पाण्याने जिवंत होत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास कालवणं बंद, असं पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरा सापळा सिमेंट मारण्याचा. भिंत गुळगुळीत आणि लवकर सुकावी म्हणून ओल्या प्लॅस्टरवर कोरडं सिमेंट उधळून घोटतात. दिसायला आरसा होतो, महिन्याभरात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात. मी हे कौतुकाने बघत उभी होते आणि चहा पाठवत होते.

बाहेर दोन थरांचं काम असेल तर पहिल्या थरात वॉटरप्रूफिंग घाला, डब्यावर लिहिलं असेल त्या मापाने. पहिला थर हिरवा, म्हणजे अजून पुरता घट्ट झालेला नसतानाच त्यावर नागमोडी रेघा ओढून घ्या, म्हणजे दुसरा धरेल. मधे निदान दोन दिवस पाणी मारा. छज्जाच्या आणि खिडकीच्या वरच्या कडेला खालून पागोळी तोडणारी खाच हवी. ही बोटभर खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून चालत भिंतीपर्यंत येतं. सगळ्या घरात सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हे.

## ८. पाणी मारणं

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत सँड-फेसला १४ दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात तीन दिवसांनी सगळ्यांचा उत्साह संपतो. आतल्या कामालाही सात ते दहा दिवस द्या. ज्या भिंतीला पाणी मारायला सुरुवात केली तिच्यावर खडूने तारीख लिहा. हा माझ्या शेजाऱ्यांचा उपाय, आणि यासारखा दुसरा नाही. तारीख दिसली की बिगारी थापा मारत नाही.

कोकणात यातूनच कामाचा हंगाम ठरतो. बाहेरचं प्लॅस्टर दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. मी पश्चिमेची भिंत मे महिन्याच्या मध्यावर केली. ऊन भाजत होतं, विहीर तळाला गेली होती आणि पाणी टँकरने येत होतं. भिंत सकाळी अकरापर्यंतच सुकून पांढरी पडायची. जूनमध्ये आत ओल आली, गणपतीत पाहुण्यांसमोर रंगाचे पोपडे गळत होते, आणि पुढच्या वर्षी तो थर पाडून पुन्हा केला. मेमध्येच करणं भाग असेल तर भिंतीवर गोणपाट सोडा आणि ते ओलं ठेवा.

## ९. जुन्या भिंतीला चुना

आधीचं सिमेंट प्लॅस्टर काढून टाका आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू द्या. हे सगळ्यात कठीण, कारण घर भयाण दिसतं आणि येणारा-जाणारा विचारतो. क्षार सुटून वर येतील ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, परत आत जातात. सांध्यांतला भुसभुशीत चुना कोरून काढा, चुन्यानेच भरा.

चुनकळी (भाजलेला, न विरलेला चुना) आणून पाण्यात विरवली तर ती उकळते. लहान मुलं लांब, डोळ्यांवर चष्मा, आणि पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. विरलेला चुना पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरू द्या, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. सतत ओल असलेल्या भागात वाळूचा काही हिस्सा कमी करून विटांचा भुगा, म्हणजे सुर्खी, घालतात. तिच्यामुळे चुना ओलीतही आवळतो. जुने कारागीर गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालतात. प्रत्येकाची कृती वेगळी आणि प्रत्येकाची एकमेव खरी. पूर्वी हा माल बैलाच्या घाणीत दळत. आम्ही छोट्या मिक्सरवर भागवलं आणि आजवर तरी पस्तावलो नाही.

दोन पातळ थर, मधे आठवडाभर अंतर. सावलीत हळू वाळू द्यायचं, पाण्याचा हलका फवारा देत. चुना हवेतूनच घट्ट होतो, त्यामुळे महिनेच्या महिने लागतात. वर चुन्याचाच रंग. प्लॅस्टिक इमल्शन लावलंत तर इतके कष्ट करून भिंतीचं नाक पुन्हा दाबलंत.

मजुरी सिमेंटपेक्षा जास्त पडली. माजघराच्या भिंतीने मात्र आता तीन पावसाळे काढले, फुगवटा नाही.

## १०. पैसे चुकते करण्याआधी

थापीच्या मुठीने भिंत ठोकत फिरा. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथे खडूने गोल करा. तळहाताएवढा एखादा असेल तर चालवून घ्या, मोठा असेल तर पाडून पुन्हा. सहा फुटी पट्टी आडवी, उभी, तिरपी लावा, मागे तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. संध्याकाळी भिंतीलगत टॉर्च धरला की सगळे चढ-उतार सावल्यांसकट दिसतात. मजुरीचा दहावा हिस्सा ही तपासणी होईपर्यंत हातात ठेवा, आणि ते दरपत्रकात आधीच लिहा, नाही तर उगाच कटुता येते.

रंगाची घाई करू नका. पाणी मारणं संपल्यावर तीन-चार आठवडे भिंत सुकू द्या. चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

पहिल्या पावसाळ्यात भेगा दिसल्या की घाबरून लगेच भरायला लावू नका. पेन्सिलने भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करा, शेजारी तारीख घाला. ऑक्टोबरपर्यंत भेग खुणांच्या पुढे गेली नसेल तर ती नुसती आकसल्याची, रंगाबरोबर क्रॅक फिलरने भरून जाते. खुणा ओलांडून पुढे गेली असेल, किंवा तिच्यात नाण्याची कड जात असेल, तर प्रश्न गिलाव्याचा नाही, गवंड्याऐवजी इंजिनीअरला बोलवा.